एकाच प्रयोगात बोललेलं वाक्य

नाटकातलं एक वाक्य चोरीला गेलं म्हणून गुन्हा दाखल झाला, ती केस मला आजही जशीच्या तशी आठवते. खून, दरोडे, अपहरणं सगळं पाहिलं. त्यातलं बरंचसं आता धूसर झालंय. हे वाक्य मात्र पाठ आहे.

दादर भागातल्या एका पोलीस ठाण्यात मी तेव्हा वरिष्ठ निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपली होती, रात्रपाळीचे लोक घरी जायच्या घाईत होते, आणि माझा चहा येऊन त्यावर साय धरली होती. तेवढ्यात ठाणे अंमलदार आत आला. म्हणाला, "साहेब, बाहेर एक लेखक बसलेत. आपल्यावर दरोडा पडलाय म्हणतात. काय गेलं विचारलं, तर म्हणतात सीन."

लेखक आत आले. पन्नाशीचे, कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांचं एक विनोदी नाटक तेव्हा जोरात चाललं होतं. दादर, परळ, गिरगाव, सगळीकडे बोर्ड हाऊसफुल्ल. लालबागच्या एका चाळीचा पुनर्विकास व्हायचाय, सगळ्यांच्या सह्या झाल्यात, आणि एक काका काही केल्या सही करत नाहीत, असं ते नाटक. त्यातल्या गाजलेल्या प्रवेशात हे काका मोरीत जाऊन आतून कडी लावून घेतात, आणि सगळं कुटुंब बंद दाराशी वाटाघाटी करत बसतं. नुकत्याच आलेल्या एका मराठी वेब सिरीजमध्ये हाच प्रवेश जवळजवळ शब्दाला शब्द आला होता. काकांचे आजोबा झाले होते आणि मोरीचं बाथरूम, एवढाच फरक.

"मी तर म्हणतो घरातलाच माणूस फितूर आहे," लेखक म्हणाले. "नाटक छापलेलं नाही. शूटिंग केलेलं नाही. स्क्रिप्ट मी कुणाच्या हातात ठेवत नाही. मग त्यांच्याकडे गेलं कसं?"

कॉपीराइटचं प्रकरण आलं की "दिवाणी बाब आहे, कोर्टात जा" असं सांगून बोळवण करायची आमच्याकडे जुनी सवय. पण कायद्यात तो फौजदारी गुन्हाही आहे, आणि लेखक वरपर्यंत जाऊन आले होते. मी गुन्हा नोंदवून घेतला. तपास स्वतःकडेच ठेवला, कारण एक गोष्ट मला खटकत होती. फिर्यादी जेव्हा फारच तयारीनं येतो, तेव्हा मी आधी फिर्यादीकडेच बघतो. ह्या स्वभावापायी बायको मला म्हणायची, "तुम्ही देवळात गेलात तरी आधी पुजाऱ्याची चौकशी कराल." तिचं काही चूक नव्हतं.

लेखकांनी तक्रारीसोबत एक तक्ता जोडला होता. डावीकडे त्यांच्या नाटकातलं वाक्य, उजवीकडे सिरीजमधलं. मी नाटकाची नोंदणी केलेली मूळ प्रत मागवली आणि एका हवालदारणीला सोबत घेऊन एकेक वाक्य ताडून पाहिलं. ह्या बाई परळच्या, नाटकं पाहणाऱ्या, त्यामुळे हे काम त्यांना शिक्षा वाटलं नाही. सगळी वाक्यं मिळाली. एक सोडून. आणि ते तर सगळ्यांत टाळीचं होतं. मोरीच्या आतून काका विचारतात: "येतो मी बाहेर. पण आधी सांगा, तुमच्या त्या टॉवरमध्ये दार आतून उघडतं, की त्यालाही बिल्डरची सही लागते?"

मी लेखकांना विचारलं, हे तुमच्या प्रतीत कुठे आहे?

"छ्या! टाईप करताना राहिलं असेल."

बोलताना दर दोन वाक्यांनी "छ्या!" म्हणायची त्यांना सवय होती. पण हे "छ्या!" जरा घाईत आलं. पाणी कुठंतरी मुरत होतं.

मग काकांचं काम करणाऱ्या नटाला बोलावलं. रंगभूमीवर आयुष्य गेलेला माणूस. खुर्चीत बसायच्या आधीच हसायला लागला. "ते माझं आहे साहेब. ॲडिशन."

नाटकवाल्यांची ही भाषा मला तोवर ठाऊक नव्हती. प्रयोग रंगला, समोर प्रेक्षक खुलला की नट पदरचं एखादं वाक्य टाकतो, ती ॲडिशन. टाळी मिळाली की ती पुढच्या प्रयोगातही येते. हळूहळू कोणतं वाक्य लेखकाचं आणि कोणतं नटाचं, हे त्या दोघांनाही सांगता येत नाही.

"पण हे वाक्य मी एकदाच घेतलंय," नट म्हणाला. "परळच्या प्रयोगाला. मोरीच्या दाराची कडी खरोखरच अडकली. एंट्री आली, दार उघडेना. आत घामाघूम झालो होतो. काहीतरी बोलायला हवं म्हणून बोललो. काय हशा आला साहेब! पण लेखकमहाशय विंगेत येऊन असे कडाडले की विचारू नका. माझ्या नाटकात एक अक्षर घालायचं नाही म्हणाले. निर्मात्यानं मला शपथच घ्यायला लावली. त्यानंतर नाही घेतलं."

मी हवालदारबाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे पाहत होत्या. जे वाक्य लेखकानं नाटकातून हाकलून लावलं, तेच आपलं म्हणून त्यांनी फिर्यादीत घातलं होतं. ते असो. माझ्या कामाची गोष्ट वेगळी होती. वाक्य एकाच प्रयोगात बोललं गेलं होतं. म्हणजे सिरीजवाल्यांपर्यंत जे पोचलं, ते त्या परळच्या प्रयोगातून पोचलं होतं.

दोनच दिवसांत ठाण्याच्या फोनवर एक निनावी फोन आला. पुरुषाचा आवाज, चांगला शिकलेला. "त्या नाटकात जी नवीन रिप्लेसमेंट आलीय ना, तिचा फोन चेक करा. अख्खं नाटक आहे त्यात." एवढं बोलून ठेवून दिला.

रिप्लेसमेंट म्हणजे मूळ नटीच्या जागी आलेली मुलगी. काकांच्या पुतणीचं काम करणारी नटी मालिकेत गेली, म्हणून ह्या मुलीला घेतलं होतं. काळाचौकीच्या चाळीत राहणारी, दिवसा लालबागमध्ये एका ऑफिसात नोकरी. चौकशी केली, तर नाटकातले लोक कुजबुजत होतेच: कानामागून आली आणि तिखट झाली. परळच्या त्या प्रयोगाला तर ती नाटकात नव्हतीच. मग तिच्या फोनमध्ये नाटक आलं कुठून? मी तिला संशयित म्हणून हजर राहण्याची रीतसर नोटीस काढली. आमचा शिपाई ती द्यायला गेला तेव्हा गॅलरीत शेजारीपाजारी जमले होते. मुलीच्या आईनं त्याला मालवणीत सांगितलं, "माझ्या चेडवान काय्येक करूक नाय हां. नाटकात काम करता ता, चोरी नाय करणा."

मुलगी वेळेवर आली. सोबत कुणी नाही. हवालदारबाई शेजारी बसल्या.

"फोनमध्ये नाटक आहे?"

"आहे सर." फोन तिनं स्वतःच टेबलावर ठेवला.

"कुणी दिलं?"

"मॅनेजर दादांनी. तालमीच्या हॉलवर, त्यांच्या फोनवरून माझ्या फोनवर."

"स्क्रिप्ट वाचायचं सोडून रेकॉर्डिंग कशाला?"

"स्क्रिप्ट देतच नाहीत सर. लेखक सर म्हणतात, कागद बाहेर गेला की नाटक गेलं. रिप्लेसमेंटनं ऐकून ऐकूनच पाठ करायचं."

"आणि मग हे तू सिरीजवाल्यांना दिलंस."

"नाही."

हे 'नाही' जमिनीकडे बघून आलं. मी व्यवस्थापकाला समोर आणलं. पस्तिशीचा माणूस, हातात किल्ल्यांचा जुडगा. त्यानं तिच्या तोंडावर सांगितलं, "मी काही दिलेलं नाही साहेब. थिएटरमध्ये रेकॉर्डिंगला बंदी आहे. माझी नोकरी जाईल." मला वाटलं, झालं, केस सुटली. सगळं तिच्यावर येऊन बसत होतं. आणि सगळं इतकं नीट एकाच माणसावर येऊन बसलं की मला उलट झोप लागत नाही.

फोन पंचनामा करून जप्त केला. मुलीला बाहेर बाकावर बसवलं. हवालदारबाई आत येऊन म्हणाल्या, "साहेब, ही खोटं नाही बोलत. पण काहीतरी गिळतेय."

मी तिला परत आत घेतलं आणि चहा मागवला. चौकशीत दरडावून जितकं निघतं, त्याहून जास्त चहा निवत असताना गप्प बसल्यानं निघतं. तिनं कपाला हात लावला नाही. चहावर साय धरली तेव्हा म्हणाली, "सर, मी त्यांच्याकडे ऑडिशनला गेले होते."

"त्याच सिरीजच्या?"

"हो. नाटक चालू असताना दुसरीकडे ऑडिशन दिली हे कळलं तर मला काढून टाकतील. तसं सहीच घेतलीय माझ्याकडून. कॉलेजच्या एकांकिकांपासून धडपडतेय मी, हे पहिलं व्यावसायिक नाटक आहे माझं. म्हणून बोलले नाही."

"ऑडिशनला काय केलंस?"

"एक सीन करून दाखवला. त्यांनी सांगितलं, तुला जे पाठ असेल ते कर."

"कुठला सीन?"

ती इतकी हळू बोलली की मला पुढे वाकावं लागलं. "मोरीचा."

"काकांची वाक्यंही तूच बोललीस?"

"दोघांची. दारावर थापा मारून, आवाज बदलून. त्यांना खूप आवडलं."

"आणि ते बिल्डरच्या सहीचं वाक्य?"

"तेपण. नाटकातलंच आहे ना ते?" तिनं पहिल्यांदा मान वर केली. "प्रयोगात काका ते बोलत नाहीत. मला वाटायचं, विसरतात. सीनियर आहेत, कसं सांगणार?"

हवालदारबाईंना हसू आवरेना. मीही तोंड फिरवलं. जिनं कधी कागद पाहिलाच नाही, तिला नाटकाचं काय आणि पदरचं काय, कसं कळावं? कानावर पडलं ते तिनं पाठ केलं. ऑडिशनला सगळेच नट आपल्या पाठातला प्रवेश करतात, त्यात तिनं जगावेगळं काही केलं नव्हतं. चोरी झाली होती ती समोर कॅमेरा लावून बसलेल्यांकडून.

पण हे सिद्ध कसं करायचं? मुळात रेकॉर्डिंग तिला मिळालं कुठून, ह्यालाच तिच्या शब्दापलीकडे आधार नव्हता. फोन प्रयोगशाळेकडे पाठवण्याआधी तज्ज्ञाकडून त्या फाइलची प्रत काढून घेतली होती. दुपारी ती माझ्या खोलीत लावली. हळूहळू दारात चार-सहा शिपाई गोळा झाले आणि सगळे पोट धरून हसायला लागले. त्यांना हाकलावं असं वाटलं, पण मीही हसत होतो.

मोरीचा प्रवेश आला. कडी खडखडली, मग शांतता, मग काकांचं ते वाक्य. परळचं अख्खं थिएटर उसळलं. आणि त्या हशात, अगदी माईकजवळ, एक माणूस हसत नव्हता. तो म्हणाला, "छ्या!"

हवालदारबाईंनी पटकन माझ्याकडे पाहिलं. "पुन्हा लावा," मी म्हणालो. पुन्हा तेच. हजारभर माणसं हसताहेत आणि एकजण चिडून "छ्या!" म्हणतोय. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

व्यवस्थापकाला ते ऐकवलं. त्याचा चेहरा उतरला. सगळं सांगून टाकलं त्यानं. नट ॲडिशन घेतो ह्याचा पुरावा निर्मात्याला देता यावा म्हणून लेखकांनीच त्या दिवशी प्रेक्षकांत बसून आपल्या फोनवर प्रयोग टेप केला होता. रिप्लेसमेंट आली तेव्हा स्क्रिप्ट द्यायला नको म्हणून लेखकांनीच ती फाइल त्याला दिली आणि सांगितलं, हे ऐकव, पण माझं नाव सांगू नकोस. आणि हा गृहस्थ लेखकाला आणि निर्मात्याला, दोघांनाही घाबरून त्या मुलीच्या गळ्यात गुन्हा अडकवून मोकळा झाला होता. मला त्याचा संताप आला. तिच्यापेक्षा वयानं किती मोठा, आणि तिच्या डोळ्यांसमोर खोटं बोलला.

लेखकांना बोलावून मी फाइल लावली. ते ऐकत बसले. सवयीनं ओठ हलले, पण ह्या वेळी शब्द फुटला नाही.

"म्हणजे तुमचं नाटक तुम्हीच बाहेर पाठवलंत," मी म्हणालो.

"मी विश्वासानं दिलं होतं."

"विश्वास असता तर कागद दिला असता."

मग मी त्या वाक्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, "माझ्या रंगमंचावर, माझ्या पात्राच्या तोंडून जे निघेल ते माझंच." नटाला विचारलं होतं तेव्हा तो म्हणाला होता, "घाम माझा होता साहेब." कायद्यानं ह्यातलं कुणाचं बरोबर, ह्यावर आमच्या सरकारी वकिलांनी अर्धा तास सांगितलं, आणि शेवटी दोन्ही बाजूंनी बोलता येईल म्हणाले.

राहिला निनावी फोन. मुलीच्या फोनमध्ये अख्खं नाटक आहे, हे बाहेरच्या कुणाला माहीत असणार? तिला विचारलं. ती म्हणाली, "ऑडिशनला मी सांगितलं होतं. ते म्हणाले, एवढं पाठ कसं? म्हटलं, पूर्ण नाटक फोनवर आहे, ऐकून केलं." कॉल डिटेल्स मागवले. नंबर सिरीज बनवणाऱ्या कंपनीतल्या, कलाकार निवडणाऱ्या माणसाचा निघाला. गुन्हा दाखल झाल्याचं कळल्यावर संशयाचं तोंड वळवायला त्यानं फोन केला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायचा बेत. आम्ही कंपनीच्या ऑफिसात जाऊन संगणक तपासला, ऑडिशनची क्लिप जप्त केली. क्लिपच्या सुरुवातीलाच ती मुलगी हसून, नाटकाचं आणि लेखकाचं नाव घेऊन सांगते, "हा आमच्या नाटकातला सीन आहे." म्हणजे त्यांना ठाऊक होतं. ठाऊक असून उचललं होतं.

मुलीचा जबाब आता साक्षीदार म्हणून घ्यायचा होता. त्यासाठी हवालदारबाईंना घेऊन मीच काळाचौकीला गेलो, साध्या कपड्यांत. आईनं पोहे केले. मुलगी ऑफिसातून रजा घेऊन थांबली होती. त्या दिवशी ती पहिल्यांदा मोकळं बोलली. मला बरं वाटलं. निघताना आईला मी म्हणालोसुद्धा, "काळजी करू नका, तुमच्या मुलीवर काही नाही."

पुढे जे झालं ते पोलिसाच्या हातात नसतं. आरोपपत्र तयार होत असतानाच लेखक आणि कंपनी एकत्र बसले. सिरीजमध्ये लेखकाचं नाव टाकायचं ठरलं, वर कंपनीची पुढची सिरीज लिहायचं कामही लेखकांनाच मिळालं. दोघं हातात हात घालून हायकोर्टात गेले आणि संमतीनं गुन्हा रद्द करून आणला. नटाच्या वाक्यासकट सगळा प्रवेश लेखकाच्या नावावर लागला. नट म्हणाला, "जाऊ द्या साहेब, ॲडिशन हवेत जाते, ती कोण मागणार?" मला ते पटलं नाही, पण तक्रार त्यानं करायची होती आणि तो करणार नव्हता.

मुलीला मात्र नाटकातून काढलं. दुसरीकडे ऑडिशन दिली म्हणून. मला कळल्यावर मी गिरगावात त्यांच्या तालमीच्या हॉलवर गेलो आणि निर्मात्याला चारचौघांत सांगितलं की तिच्यामुळेच तुमची केस उभी राहिली. त्यानं चहा पाजला. म्हणाला, "तुम्ही सांगताय म्हणजे शंभर टक्के साहेब. पण पोलिसांची नोटीस आलेली मुलगी, लोक बोलतात हो." आत दुसरी मुलगी पुतणीची वाक्यं म्हणत होती. व्यवस्थापक तिथेच होता, किल्ल्या घेऊन.

संशय हे आमचं हत्यार आहे, आणि ते नसेल तर पोलिसानं घरी बसावं, असं मी नोकरीभर मानलं. अजूनही मानतो. पण ह्या केसनं मला दाखवलं की ह्या एका कामात तिघांचा संशय होता: लेखकाचा नटावर आणि रिप्लेसमेंटवर, निर्मात्याचा आणि माझा. तिघांपैकी कुणाचंही काही गेलं नाही. जिनं कुणावरच संशय घेतला नाही, नाटकाचं नाव सांगून प्रवेश करून दाखवला, न मागता फोन काढून दिला, तिचं गेलं. नव्या अधिकाऱ्यांना मी म्हणूनच सांगतो: नोटीस काढण्याआधी एकदा त्या माणसाच्या गॅलरीत कोण कोण उभं असेल त्याचा विचार करा.

गुन्हा रद्द झाल्यावर कोर्टाच्या आदेशानं तिचा फोन परत द्यायचा होता. ती ऑफिस सुटल्यावर घ्यायला आली. मुद्देमाल कारकुनानं पाकीट फोडून फोन तिच्या हातात दिला. तिनं तो चालू करूनही पाहिला नाही. मला म्हणाली, "सर, एक कागद मिळेल का? माझ्यावर काही नाही, एवढंच लिहिलेलं. दुसऱ्या एका नाटकात विचारलंय, ते मागतायत."

मी तिला समजावलं. गुन्हाच रद्द झाला. आरोपपत्र गेलं नाही, त्यामुळे साक्षीदार म्हणूनही तुझं नाव कुठे नाही. असं पत्र द्यायची आमच्याकडे पद्धत नाही.

तिनं पर्स उघडली आणि चार घड्या घातलेली ती नोटीस काढून माझ्यासमोर ठेवली. खाली माझी सही होती.

"मी संशयित आहे म्हणायला कागद होता सर," ती म्हणाली. "मग मी नाही म्हणायला का नाही?"

मला फार वाईट वाटलं, आणि ते मी तिला सांगितलंही. तिनं मान हलवली, नोटीस पुन्हा घडी घालून पर्समध्ये ठेवली, आणि फोन मिळाल्याची सही कुठे करायची ते विचारलं.